दोन फ्यूजांची मोटार

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक इंजिनापाशी, फार तर टायरपाशी येऊन थांबतात. कोणत्या संस्थानिकाने कोणती गाडी आणवली, तिची अश्वशक्ती किती, तिच्या बॉनेटवर पक्षी होता की वाघ, याची रसभरित वर्णने मराठीत पुष्कळ सापडतील. त्याच गाडीच्या डॅशबोर्डामागे सुती वेष्टनातल्या तारांचे जे जुडगे असते त्याच्याकडे मात्र कोणी फारसे वळलेले नाही. माझे कुतूहल नेमके तिथे अडकले, आणि तेही एका साध्या प्रश्नावर. घरात वीज आली तेव्हा तिच्याबरोबर फ्यूज आला. मग मोटारीत वीज आल्यावर फ्यूज इतक्या उशिरा आणि इतका जपून का आला? शहरातल्या दिवाणखान्यात चार-सहा फ्यूजांची पाटी असताना त्याच मालकाच्या दारातल्या गाडीत एक किंवा दोन फ्यूज असत. कित्येक गाड्यांत तर एकही नसे. हा निष्काळजीपणा होता, की त्यामागे काही विचार होता?

कसालात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडावा हे तसे साहजिक आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो तो आमच्या तिठ्यावर. तिठा आला की गॅरेज आले, गॅरेज आले की वायरमन आला. १९९८ साली कोकण रेल्वे सलग धावू लागेपर्यंत या मुलखाचा घाटमाथ्याशी आणि मुंबईशी व्यवहार रस्त्याने किंवा आगबोटीने. कोल्हापूरला जायचे तर फोंडाघाट, बेळगावला जायचे तर आंबोली. पावसाळी रात्री, धुक्यात, एका बाजूला दरी असताना मोटारीचा दिवा अचानक विझला तर काय होते हे इथल्या जुन्या चालकांना कोणी शिकवायला नको. फ्यूजचे काम काय, तर धोका दिसताच वीज तोडणे. पण जिथे वीज तुटणे हाच मोठा धोका, तिथे फ्यूज बसवायचा की नाही? जुन्या मोटारींच्या वायरिंगची सगळी कहाणी या पेचाभोवती फिरते.

सुरुवातीच्या मोटारीत तोडण्याजोगी वीजच नव्हती. पुढचे दिवे कार्बाईडचे. डब्यात कॅल्शियम कार्बाईडचे खडे, वर पाण्याची टाकी, थेंब थेंब पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होऊन नळीवाटे दिव्यात जायचा. बाजूचे आणि मागचे दिवे रॉकेलचे. भोंगा रबरी फुग्याचा. इंजिन हँडल मारून सुरू करायचे. ठिणगीपुरती वीज लागे, ती मॅग्नेटो पुरवी. बॉश कंपनीच्या गॉटलोब होनोल्ड याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला आणि ठिणगीचा प्रश्न बराचसा सुटला. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतःच तयार करतो, बॅटरी लागत नाही. प्लगपर्यंत जाणाऱ्या तारेत दाब प्रचंड असला तरी प्रवाह नगण्य. अशा तारेला झटका देता येतो, पण तापून पेटता येत नाही. तेव्हा फ्यूज नव्हता याचे नवल वाटायला नको.

चित्र पालटले ते १९१२ च्या कॅडिलॅकपासून. चार्ल्स केटरिंगने तिच्यात विजेचा स्टार्टर बसवला. हा गृहस्थ आधी दुकानांतली गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत होता. यंत्राचा खण उघडायला छोटी मोटर पुरते, कारण तिला क्षणभरच जोर लावायचा असतो, हे त्याने तिथे पाहिले होते. तोच हिशेब त्याने इंजिनाला लावला. सतत चालणारी मोटर एवढी ताकद द्यायला केवढी तरी मोठी लागेल. काही सेकंदांसाठी मात्र लहान मोटरवर वाटेल तेवढा भार टाकता येतो. पण त्यासाठी बॅटरी हवी, बॅटरी भरायला डायनामो हवा, आणि हे दोन्ही आले की दिवे, भोंगा, सगळेच विजेवर चालवण्याचा मोह होणारच. मोटार हे फिरते वीजघर झाले ते तेव्हापासून.

आता या बॅटरीचा स्वभाव पाहा. सहा व्होल्टची बॅटरी हाताला झटकाही देत नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात स्टार्टर फिरवताना ती दीडशे-दोनशे अँपिअर प्रवाह सहज ओतते. तिच्या दोन टोकांमध्ये पाना पडला तर पाना लाल होतो. घरच्या विजेची भीती झटक्याची, मोटारीतल्या विजेची भीती आगीची, आणि तीही पेट्रोलच्या शेजारी. शिवाय व्होल्ट कमी म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी प्रवाह जास्त. छत्तीस वॅटचा दिवा बारा व्होल्टवर तीन अँपिअर घेतो, सहा व्होल्टवर सहा. तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच तारेत चौपट. सहा व्होल्टच्या गाड्यांचे दिवे पिवळे आणि मरगळलेले का दिसत, त्याचे हे गणित. अमेरिकी कंपन्यांनी १९५० च्या दशकाच्या मध्याला बारा व्होल्ट स्वीकारले ते उगीच नव्हे.

फोर्डच्या मॉडेल टीची तऱ्हा आणखी वेगळी. ब्रिटिश साम्राज्याचा बाजार फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होता, त्यामुळे आपल्याकडे उतरलेल्या फोर्ड गाड्या बहुतांशी कॅनडाच्या. १९१५ पासून या गाडीला विजेचे पुढचे दिवे आले, पण बॅटरीवर नव्हे. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर सोळा लोहचुंबक बसवलेले असत आणि त्यांच्यासमोर सोळा वेटोळी. इंजिन फिरले की वीज. इंजिन जोरात तर उजेड जोरात, इंजिन मंद तर उजेड मंद. दोन्ही दिवे एकामागोमाग एकाच सरीत जोडलेले, त्यामुळे एक गेला की दुसराही गेला. घाट उतरताना, वळणावर गती कमी केली की नेमका तेव्हाच उजेड मंदावणार. सपाट अमेरिकी शेतवाटांसाठी ही योजना चालून गेली असेल, पण आंबोलीसारख्या घाटासाठी तिच्याइतकी गैरसोयीची योजना शोधून सापडणार नाही. फ्यूज अर्थातच नाही. १९१९ पासून बॅटरी, डायनामो आणि स्टार्टर मिळू लागले, तरी फ्यूज आला नाही. पुढच्या मॉडेल ए गाडीतही, १९२८ ते १९३१ या काळात, कारखान्यातून फ्यूज येत नसे.

मोटारीत फ्यूज शिरला तो बऱ्याचदा तारेच्या नव्हे, डायनामोच्या रक्षणासाठी. त्या काळचे डायनामो ‘तिसऱ्या ब्रश’चे असत. या जादा ब्रशची जागा थोडी सरकवली की चार्जिंग कमी-जास्त होई. लांबच्या प्रवासाला निघताना कमी, गावातल्या गावात फिरताना जास्त. ही रचना बॅटरीच्या भरवशावर चाले. बॅटरीच डायनामोचा दाब काबूत ठेवी. टर्मिनल सुटले किंवा गंजले की दाब भसाभस वाढे, बल्ब पटापट उडत आणि डायनामोचे वेटोळे जळे. म्हणून काही डायनामोंच्या फील्डच्या वेटोळ्याला फ्यूज दिलेला असे. खारे वारे असलेल्या किनाऱ्यावर बॅटरीचे टर्मिनल किती दिवसांत हिरवे-पांढरे होते हे मालवणकडच्या वाचकांना ठाऊक आहेच.

फ्यूज ही वस्तू मोटारीपेक्षा जुनी. एडिसनने दिव्यांच्या तारांसाठी तसले पेटंट १८८० साली घेतले होते. कोणती तार किती प्रवाहाला वितळते याचा नियम १८८० च्या दशकात विल्यम प्रीस यांनी मांडला. हे ब्रिटिश टपाल खात्यातले विद्युत अभियंते, मार्कोनीला पुढे आधार दिला तेही हेच. तर्क साधा आहे. तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गावर आणि तारेच्या रोधावर ठरते, आणि तार जाड होत जाते तसा रोध व्यासाच्या वर्गाने घटतो. उष्णता बाहेर टाकली जाते ती मात्र पृष्ठभागावरून, म्हणजे व्यासाच्या प्रमाणात. दोन्हींचा मेळ घातला की वितळण्याचा प्रवाह व्यासाच्या दीड घाताने वाढतो. व्यास दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होत नाही, जवळजवळ पावणेतीनपट होतो. प्रीस यांच्या आकड्यांतून दुसरी एक गोष्ट निघते आणि ती माझ्या मते गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. कथलाच्या तारेच्या जागी तेवढ्याच जाडीची तांब्याची तार घातली तर ती सहापटीहून अधिक प्रवाह सोसते. कथील २३२ अंशाला वितळते, तांबे १०८५ अंशाला. ‘एकच बारीक तार घातली आहे’ असे वायरमनने सांगितले की विचारावे, कशाची?

१९२० नंतर मोटारीला विजेच्या सुट्या वस्तू लावण्याची हौस वाढत गेली. एकट्या बॉशने १९२१ साली विजेचा भोंगा, १९२६ साली वायपर आणि १९२८ साली बाजूला उचलला जाणारा वळणदर्शक हात बाजारात आणला. १९३० साली अमेरिकेत मोटोरोलाचा रेडिओ आला. आपल्याकडे जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली, आणि गाडी मुंबईतच जुळू लागल्यावर तिच्या जोडवस्तूंचा बाजारही मुंबईत वाढणार हे उघड होते. प्रश्न एवढाच, की ही नवी तार जोडायची कुठे? बॅटरी पायाखाली किंवा सीटखाली, तिथवर कोण जाणार! सगळ्यात सोयीची जागा म्हणजे डॅशबोर्डावरच्या अँपिअर मीटरमागची खुंटी. तिथे वीज सदैव हजर. भोंगा तिथे, जादा दिवा तिथे, रेडिओही तिथेच. कारखान्याने हिशेब करून घातलेली तार एक, आणि तिच्यावर मालकाच्या हौसेचे चार भार. जुन्या मोटारी जळण्याचे एक मोठे कारण या एका खुंटीवर गोळा झालेले आहे, असे माझे मत आहे.

रेडिओवाल्यांनी मग स्वतःचा फ्यूज तारेतच, छोट्या नळीत बसवून द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत काचनळीच्या फ्यूजांची एक मोठी शहाणी पद्धत रूढ झाली. जाडी सगळ्यांची पाव इंच, पण लांबी अँपिअरप्रमाणे वेगळी. चार अँपिअरचा आखूड, वीसचा लांब. आखूड फ्यूजच्या घरात लांब फ्यूज मावतच नाही, म्हणजे वाढीव क्षमतेचा फ्यूज ठोकून काम भागवण्याची सोय नाही. माणसाच्या आळसाचा इतका नेमका अंदाज घेतलेली रचना यंत्रजगतात क्वचितच पाहायला मिळते. आळस अर्थात तिच्याही पुढे गेला. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद कोणत्याही लांबीत मावतो.

आता मूळ पेचाकडे येऊ. पुढच्या दिव्यांना फ्यूज द्यायचा की नाही, या प्रश्नाला तीन देशांनी तीन उत्तरे दिली आणि तिन्ही आपल्या रस्त्यांवर एकाच वेळी धावत होती.

इंग्रजी उत्तर ॲम्बेसेडरमध्ये सापडते. ही गाडी म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत ती उत्तरपाड्याला बनली. तिच्या जुन्या गाड्यांत ल्युकस पद्धतीची छोटी पेटी असे. पेटीत दोन फ्यूज कामावर, दोन राखीव. पहिल्यावर भोंगा, आतला दिवा अशा किल्ली काढली तरी चालणाऱ्या वस्तू. दुसऱ्यावर वायपर, पेट्रोलचा काटा, ब्रेकचा दिवा अशा किल्ली लावल्यावर चालणाऱ्या. तारांचे रंग ठरलेले होते. तपकिरी म्हणजे बॅटरीची थेट वीज, पांढरी म्हणजे किल्लीनंतरची, जांभळी आणि हिरवी म्हणजे फ्यूजमधून गेलेली, निळी पुढच्या दिव्यांची, लाल बाजूच्या दिव्यांची, काळी अर्थची. रंग ओळखणाऱ्याला नकाशाची गरज नाही. निळ्या तारेचा माग काढत मागे गेलो की ती बटणावरून थेट तपकिरी तारेला मिळते, मध्ये फ्यूज नाही. हे विसरून राहिलेले नाही, ठरवून केलेले आहे. तार तापली तर तापू दे, पण दिवा जाता कामा नये, हा तो निर्णय. प्रज्वलनाच्या तारेलाही याच विचाराने फ्यूज नसे.

याच पेटीतली दुसरी गोष्ट मला अधिक खटकते. फ्यूज पस्तीस अँपिअरचे. हा आकडा फ्यूज उडण्याचा, सतत सोसण्याची मर्यादा साधारण निम्मी. पण त्यांच्या पुढे जाणाऱ्या कित्येक तारा चौदा पदरी, प्रत्येक पदर इंचाच्या बारा हजारांशाचा, म्हणजे आठ-नऊ अँपिअरच्या कुवतीच्या. तार पंधरा अँपिअरने हळूहळू भाजत राहिली तरी फ्यूज शांत बसणार. तो उडणार तार थेट पत्र्याला टेकली तरच. अशा फ्यूजला राखणदार म्हणायचे ते चोर दार तोडून आत आल्यावर जागा होणारा.

अमेरिकी उत्तर जीपमध्ये होते. युद्धानंतर महिंद्रांनी माझगावात जुळवायला घेतलेली विलीज जीप सरकारी खात्यांतून, कंत्राटदारांकडून कोकणातल्या कच्च्या रस्त्यांवर आली. तिच्या दिव्याच्या बटणालाच एक छोटा ब्रेकर जोडलेला असे. दोन धातूंची चिकटवलेली पट्टी तापली की वाकते आणि संपर्क सुटतो, निवली की सरळ होते आणि संपर्क जुळतो. तार कुठे टेकली तर दिवा मरत नाही, उघडझाप करू लागतो. रात्री लढाईच्या रस्त्यावर चालकाला गाडी कडेला घेण्यापुरता उजेड मिळतो, आणि काहीतरी बिघडले आहे हेही कळते. तिन्ही उत्तरांत मला हे सर्वांत माणुसकीचे वाटते.

इटलीचे उत्तर कुर्ल्यातून आले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने आधी क्रायस्लरच्या आणि मग फिअटच्या गाड्या काढल्या. त्यांतली अकराशे पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. युरोपी पद्धतीचा तो फ्यूज काचेचा नव्हे. पांढरा किंवा लाल छोटा दांडा, दोन्ही टोकांना निमुळता, आणि वितळणारी पट्टी बाहेरच्या अंगाला उघडी. पांढरा आठ अँपिअरचा, लाल सोळाचा. विचार असा, की फ्यूज पुष्कळ ठेवा, लहान ठेवा, भार वाटून टाका. फिअटच्या छोट्या पाचशेमध्ये तर डाव्या आणि उजव्या दिव्यालाही वेगळा फ्यूज होता. एक गेला तर दुसरा घरी पोचवतो. कागदावर हे उत्तर बिनतोड आहे. पण पावसाळ्यातले चार महिने हवेत पाणी आणि मीठ असलेल्या मुलखात त्या उघड्या पट्टीच्या टोकांवर गंज धरतो. मग पट्टी न वितळताच दिवा मिणमिणतो, आणि चालक बोटाने तो दांडा गरगर फिरवून वीज परत आणतो. कोकणात पद्मिनी चालवलेल्या प्रत्येकाच्या बोटाला ही सवय असेल.

गंजाचा मुद्दा आला आहे तर त्याला थोडी जागा दिली पाहिजे, कारण फ्यूजची मर्यादा तिथे उघडी पडते. सुरुवातीच्या काही गाड्यांत जाणारी आणि येणारी अशा दोन तारा असत. तार वाचवण्यासाठी पुढे येणारी तार काढून टाकली आणि तिचे काम गाडीच्या सांगाड्यावर सोपवले. यालाच आपण ‘अर्थ’ म्हणतो. म्हणजे गाडीचा पत्रा हा वायरिंगचाच भाग. इंजिनापासून सांगाड्यापर्यंतची अर्थपट्टी गंजून तुटली की स्टार्टरचा प्रवाह परतीला दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट कधी कधी चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल असते. ती केबल धुमसते. या सगळ्यात फ्यूज काहीच करू शकत नाही, कारण स्टार्टरच्या तारेवर तो नसतोच. एवढा प्रवाह सोसणारा फ्यूज बसवणे म्हणजे न बसवल्यासारखेच. आणि गंजलेल्या सांध्यात प्रवाह वाढत नाही, उलट कमी होतो. फ्यूज जास्तीच्या प्रवाहाला ओळखतो, कमी प्रवाहात एकाच ठिकाणी तापणाऱ्या सांध्याला ओळखत नाही. जुन्या गाड्यांचे काळवंडलेले सांधे मी पाहिले आहेत. त्यांच्यामागचे फ्यूज अनेकदा नव्यासारखे स्वच्छ होते.

‘अर्थ’ला बॅटरीचे कोणते टोक जोडायचे यावरही एकमत नव्हते. इंग्रजी गाड्यांनी १९३० च्या दशकात अधिक टोक सांगाड्याला जोडायला सुरुवात केली आणि पुढची तीसेक वर्षे ते तसेच ठेवले. जुन्या ॲम्बेसेडरमध्येही तेच. बल्बला याचे सोयरसुतक नाही, पण ट्रान्झिस्टर रेडिओ उलटा जोडला की गेलाच. अल्टरनेटर आल्यावर, त्यातल्या डायोडमुळे, ही चैन संपली.

तिठ्यावरच्या गॅरेजांत हे शास्त्र कोणी या शब्दांत सांगत नसे, पण ते हातांत होते. आमच्याकडचे एक जुने वायरमन, आता हयात नाहीत, उडालेल्या फ्यूजची काच आधी उजेडात धरून पाहत. काच स्वच्छ आणि पट्टी मधोमध तुटलेली असेल तर भार जास्त झाला. काच आतून चंदेरी-काळी झाली असेल तर तार कुठेतरी थेट टेकली. हाताखालच्या पोराने विचारले होते, “काकांनू, तार घालूया काय?” त्यावर त्यांचे उत्तर, “फ्यूज गेलो म्हंजे गाडी वाचली. आधी गेलो कित्याक ता बघ.” उंदराने कुरतडलेली तार, स्टिअरिंगच्या खांबावर घासलेले वेष्टन, मागच्या डिकीत बिजागरीपाशी चिमटलेली जोडणी, या तीन जागा पाहिल्याशिवाय ते नवा फ्यूज लावत नसत.

१९७६ साली अमेरिकेतल्या लिटलफ्यूज कंपनीने प्लॅस्टिकच्या कवचातला दोन पात्यांचा फ्यूज काढला. आज सर्व गाड्यांत त्याचीच संतती आहे. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. लांबीची जुनी शिस्त त्यात राहिली नाही. एकाच घरात दहाचाही बसतो आणि तिसाचाही. पण दिव्यांचा भार आता रिलेवर गेला, डावा-उजवा वेगळा झाला आणि इटालियन उत्तर सर्वांनी उचलले.

जुनी हौस मात्र गेलेली नाही. महामार्गावरून जाणाऱ्या गाड्यांना धुक्याचे दिवे, दुहेरी भोंगे, गाण्याचे मोठे डबे लावायला तिठ्यावर आजही लोक येतात. अँपिअर मीटरमागची खुंटी आता नसल्याने तार थेट बॅटरीवरून येते. तिच्यात फ्यूज असतो, पण बदलायला सोपा म्हणून तो पुष्कळदा दिव्याजवळ बसवलेला दिसतो. तिथे तो दिव्याचे रक्षण करतो, तारेचे नाही. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची तार इंजिनाच्या गरम पत्र्यांमधून जाते आणि ती वाटेत कुठे सोलली गेली तर तिच्यामागे सबंध बॅटरी उभी असते. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर असला पाहिजे. आमच्या त्या वायरमनांनी लावलेले जादा दिवे आजही एक-दोन जुन्या गाड्यांवर आहेत. त्यांचे फ्यूज शोधायला बॉनेट उघडले की बॅटरीच्या टोपणालगतच हात जातो.